आधी बाण, मग मतदान

गिरगावातल्या एखाद्या चाळीत पुनर्विकासाची सभा भरली की पहिल्या अर्ध्या तासात तीन आकडे ऐकू येतात. कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस किती. पुढचे दोन तास भांडण. कुणाला हा बिल्डर हवा, कुणाला तो, आणि चार घरं अशी की त्यांना कुणीच नको. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा उठून विचारतात, "आणि हा मध्येच पळाला तर?" समोरून उत्तर येतं, "अण्णा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते." सभा तहकूब होते, पुढल्या सभेत पुन्हा तेच आकडे आणि तेच अण्णा. अशीच दहा-पंधरा वर्षं निघून जातात. इमारतीला टेकू लागतात आणि कालांतराने टेकूंनाही गंज चढतो.

"मराठी माणसाचं एकमत होतच नाही," हे यावरचं ठरलेलं भाष्य. मला ते आळशी वाटतं. याच चाळीतली माणसं दर भाद्रपदात वर्गणी, मांडव, आरती, रात्रीची जाग आणि विसर्जन बिनबोभाट पार पाडतात. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. एकत्र येऊन काम उरकण्याची सवय या वस्तीत मुरलेली आहे. मग पुनर्विकासाच्या सभेतच घोडं अडतं, ते का?

उत्तराचं एक टोक केंब्रिजमध्ये सापडतं. केनेथ क्रेक नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली एका छोट्या पुस्तकात मांडलं की माणूस बाहेरच्या जगाची एक लहानशी प्रतिकृती डोक्यात बाळगतो. काही करण्याआधी ती प्रतिकृती मनातल्या मनात चालवून पाहतो आणि काय होईल याचा अंदाज बांधतो. दोन वर्षांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, सायकलवरून जाताना झालेल्या अपघातात क्रेक गेला. कल्पना मात्र टिकली. तिला पुढे 'मानसिक प्रतिमान' म्हणू लागले. आपण साधं 'डोक्यातलं चित्र' म्हणू.

१९९० च्या दशकात जॅनिस कॅनन-बोवर्स, एदुआर्दो सालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना गटाला लावली. विमानाच्या कॉकपिटमध्ये किंवा युद्धनौकेवर दर मिनिटाला चर्चा करायला सवड नसते. तरी चांगली तुकडी न बोलता एकमेकांना सांभाळून घेते, कारण प्रत्येकाच्या डोक्यातलं कामाचं चित्र बरंचसं सारखं असतं. दुसऱ्याला आता काय लागणार हे पहिल्याला आधीच ठाऊक असतं.

लालबाग-परळच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मिरवणुकीत दोर कुणी धरायचा, कुठल्या वळणावर ट्रॉली हळू करायची, गर्दी कुठे तुंबते, हे लिहून ठेवलेलं नसतं. मोठ्यांबरोबर चालत चालत पोरांच्या डोक्यात ते उतरतं. आणि चित्रातला एखादा भाग बदलला की काय होतं तेही २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. लालबागच्या राजासाठी नवा तराफा आणला होता, भरतीची वेळ आड आली, आणि सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचलेल्या मूर्तीचं विसर्जन रात्रीवर गेलं. वर्षानुवर्षं सरावाची असलेली माणसं, आणि तरीही.

विसर्जन दरवर्षी होतं. चाळ मात्र शंभर वर्षांत एकदाच पडते. तिचा सराव कुणालाच नसतो. त्यामुळे चाळीस खोल्यांत चाळीस चित्रं असतात, प्रत्येक चित्र ज्याच्या त्याच्या आयुष्यातून आलेलं. गिरणीतून रिकाम्या हाताने बाहेर पडलेल्या आजोबांच्या चित्रात मोठा माणूस शब्द देतो आणि गेट बंद करतो. बँकेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या नातीच्या चित्रात करार, बँक गॅरंटी आणि महारेरा असतं. भाडेपावती अजून सासूबाईंच्याच नावावर असलेल्या काकूंना पात्रतेची धास्ती. तळमजल्यावरच्या दुकानदाराला रस्त्याकडचं तोंड जाण्याची. खोलीला कुलूप लावून डोंबिवलीला गेलेल्या कुटुंबाला फक्त अंतिम किमतीशी मतलब. आणि या सगळ्यांच्या मागे एक सामाईक भूत उभं असतं, गोरेगावच्या पत्राचाळीचं. ६७२ कुटुंबं, २००८ सालचा करार, मग थांबलेलं भाडं, अर्धवट काम आणि शेवटी प्रकल्प म्हाडाने हाती घेणं. अण्णांनी "पळाला तर" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर हे असतं. समोरच्याला त्यात फक्त किरकिर ऐकू येते.

कधीकधी तर दोघं एकच शब्द वापरून वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. '७९ अ'चंच घ्या. सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खाली सरकारने २००९ मध्ये आणि नंतर ४ जुलै २०१९ रोजी सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे नियम काढले. सभेची गणसंख्या, मतदान, बिल्डर निवडण्याची पद्धत, हे सगळं त्यात येतं. म्हाडा कायद्यातही आता एक ७९-अ आहे, आणि तो धोकादायक उपकरप्राप्त इमारतींसाठी. त्यात आधी मालकाला सहा महिन्यांची संधी, मालक हलला नाही तर भाडेकरूंना, आणि तेही नाही जमलं तर म्हाडा. गिरगावातल्या पागडीच्या चाळीला दुसरा लागू. दादरच्या सोसायटीत राहणारा जावई सभेत येऊन पहिल्याबद्दल आत्मविश्वासाने बोलतो, आणि तासभर सगळे माना डोलावतात. असं एकमत भांडणापेक्षा घातक.

सभेत माहिती का वर येत नाही, यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये विद्यार्थ्यांच्या गटांना निवडणुकीसाठी उमेदवार निवडायला सांगितलं. उमेदवारांची काही माहिती सर्वांना दिली होती, काही एकेकालाच. सगळे तुकडे जोडले तर सर्वात चांगला उमेदवार कोण ते स्पष्ट दिसावं, अशी मांडणी. पण गट ज्या गोष्टी सर्वांना आधीच ठाऊक होत्या त्यांवरच बोलत राहिले. एकट्याजवळची माहिती एकट्याजवळच राहिली आणि बहुतेकांनी चुकीचा माणूस निवडला. आपल्या सभेतले ते तीन आकडे म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली माहिती. त्याच बिल्डरची परळची इमारत जोत्यापाशीच अडकली आहे, हे तळमजल्याच्या दुकानदाराला माल पोचवताना दिसलेलं असतं. पण तो 'कमर्शियल', त्याचा हेतू वेगळा, असं सगळ्यांनी धरलेलं. तो गप्प बसतो.

डोक्यातली चित्रं कागदावर उतरवायची, हा यावरचा एक उपाय. रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी १९७६ मध्ये राज्यकर्त्यांच्या बोलण्यातून असे नकाशे काढून दाखवले. एक गोष्ट, तिच्यापासून दुसरीकडे जाणारा बाण, आणि बाणावर अधिक किंवा उणे. हे वाढलं की ते वाढतं, की घटतं? एवढंच व्याकरण. पुढे ब्रिटनमध्ये कॉलिन ईडन आणि फ्रॅन अॅकरमन यांनी ते थेट सभेत आणलं. लंबगोल चिठ्ठ्यांवर ज्याने त्याने आपला मुद्दा लिहायचा, भिंतीवर लावायचा, आणि सगळ्यांनी मिळून बाण जोडायचे. चिठ्ठीवर नाव नसतं. मला यातली हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. भिंतीवर गेल्यावर मुद्दा अण्णांचा राहत नाही, त्यामुळे अण्णांवरचा राग त्या मुद्द्यावर निघत नाही.

हे जवळून पाहू. समजा तीन मजल्यांची, चाळीस खोल्यांची चाळ आहे. गॅलरीच्या भिंतीला चार चार्ट पेपर चिकटवले. प्रत्येक घराला दोन चिठ्ठ्या. एकीवर काय हवं, दुसरीवर कशाची भीती. सभा चालवणाऱ्याने दोनच प्रश्न विचारायचे. "हे कशामुळे होईल?" आणि "त्याने पुढे काय होईल?" तो शक्यतो चाळीतला नसावा, बिल्डरचा तर नकोच.

पहिली चिठ्ठी: "साडेपाचशे फूट पाहिजेत." पुढे काय होईल? मुलाचं लग्न होईल, स्वतंत्र खोली मिळेल. जागा कुठून येईल? इथे शांतता. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात, म्हणजे विकास नियमावलीच्या नियम ३३(७) मध्ये, भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं. हक्कापेक्षा वर जितकं मागू तितकं बिल्डरच्या विक्रीच्या वाट्यातून जातं. म्हणजे 'आम्हाला जास्त फूट' या चिठ्ठीपासून 'विकायला कमी फ्लॅट' या चिठ्ठीकडे बाण. तिथून 'उरलेले फ्लॅट चढ्या भावाने विकावे लागणार'. तिथून 'बाजार बसला की पैसा अडणार'. तिथून 'काम बंद, भाड्याचे चेक परत'. आणि या रांगेच्या शेवटाला कुणीतरी आधीच लावून ठेवलेली चिठ्ठी असते: "बिल्डर पळाला तर?"

एक तट जास्त फूट मागत होता, दुसरा तट सुरक्षितता. दोघांना वाटत होतं आपण वेगळ्या विषयांवर बोलतोय. भिंतीवर दोन्ही चिठ्ठ्या एकाच रांगेची दोन टोकं निघाली. आता प्रश्न बदलतो. कोण जास्त देतो हे मागे पडतं. किती मागितलं तर हा माणूस काम पुरं करू शकेल, आणि मधला कुठला बाण बँक गॅरंटीने किंवा आगाऊ भाड्याने तोडता येईल, यावर बोलणं येतं.

दुसरी रांग उंचीची. मजले वाढले की लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा वाढते, म्हणजे मेंटेनन्स वाढतो. आज नाममात्र भाडं भरणाऱ्या पेन्शनरला तो झेपत नाही. मग घर भाड्याने देऊन तो बदलापूरला जातो. हे सगळ्यांना कळतं, पण कॉर्पसचा याच्याशी संबंध आहे हे बाण काढेपर्यंत अनेकांच्या लक्षात येत नाही. कॉर्पस म्हणजे बिल्डरने दिलेलं बक्षीस, त्यातून मुलीचं लग्न, असा हिशोब असतो. खरं तर त्या रकमेचं काम मेंटेनन्सच्या बाणावर उणे चिन्ह घालणं हे आहे. समजा घरटी तीन लाख मिळाले आणि सात टक्के व्याज धरलं, तर महिन्याला १,७५० रुपये पडतात. मेंटेनन्स सहा हजार असेल तर वरचे सव्वाचार हजार कुठून आणायचे? हा आकडा भिंतीवर आला की कॉर्पस दहा करा म्हणणारेही थोडं थांबून बोलतात, आणि दोन लिफ्ट कमी चालतील का, असाही प्रश्न येतो.

तिसरी रांग गोल फिरून स्वतःकडे येते. निर्णय लांबला की इमारत खंगते. पावसाळ्यात धोकादायक असल्याची नोटीस लागते. घरं रिकामी होतात. कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भावाकडे ठाण्याला, कुणी गावी. माणसं पांगली की सभेला कोरम होत नाही. निर्णय आणखी लांबतो. वाटाघाटीतलं चाळीचं वजनही प्रत्येक फेऱ्याला घटतं. अॅक्सेलरॉड यांना नकाशे काढताना जे आढळलं ते इथे आठवतं: माणसं कारणांच्या सरळ साखळ्या सहज सांगतात, पण परत येऊन स्वतःलाच मिळणारी वर्तुळं त्यांच्या नकाशांत क्वचितच असतात. "घाई कसली, बघू पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्याच्या मनात वेळ फुकट असते. वर्तुळ काढलं की ती फुकट नाही हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागत नाही.

कायद्याला या चित्रांशी देणंघेणं नाही, तो डोकी मोजतो. ३३(७) साठी पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागे, आता ५१ टक्के पुरते. सोसायट्यांसाठीही २०१९ च्या नियमांत उंबरठा ५१ टक्क्यांवर आला. हेतू समजण्यासारखा आहे. मूठभरांनी इमारत अडवून धरण्याचे प्रकार कमी नव्हते. पण उंबरठा खाली आला की उरलेल्या ४९ टक्क्यांना ऐकण्याची गरजही कमी होते, आणि बऱ्याचदा धोक्याची माहिती त्यांच्यापाशीच असते. विरोध करणारे सगळे आडमुठे नसतात. काहींनी फक्त एखादा बाण जास्त पाहिलेला असतो.

बीडीडी चाळींत संमतीपत्रांचा हा खटाटोप नव्हता, कारण मालक सरकार आणि पुनर्विकास म्हाडाकडे. १९२० च्या दशकातल्या या चाळी, वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १९५ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, तेही फुकट. कागदावर याला नाही म्हणणारा वेडाच. तरी एप्रिल २०१७ च्या भूमिपूजनानंतर वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडला. नायगावात तर नेमलेली कंत्राटदार कंपनी मध्येच बाहेर पडली. सरकारी चित्रात क्रम असा होता: पात्रता ठरवा, खोली रिकामी करा, मग करार. रहिवाशांच्या चित्रात क्रम उलटा: आधी करार, मग खोली रिकामी. ५०० चौरस फुटांवर फारसा वाद नव्हता. भांडण पायऱ्यांच्या क्रमावर होतं, आणि जाहिराती मात्र चौरस फुटांच्याच लागत राहिल्या. यंत्रणेला तो क्रम कारभाराचा तपशील वाटला. ज्याच्या बापाने गिरणीच्या गेटवर आश्वासनं ऐकली, त्याला तोच मुख्य मुद्दा वाटला.

गिरण्यांच्या जमिनीचा इतिहास हा तर न जुळलेल्या चित्रांचा भला मोठा दाखला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर ५८ गिरण्यांची जवळपास ६०० एकर जमीन शहराच्या मधोमध मोकळी होऊ घातली. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे केले: महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी, मालकाला स्वतःसाठी. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने गिरण्यांच्या जमिनींकडे एकत्रितपणे पाहिलं. सुटे तुकडे जोडले तर रस्ते, बागा, घरं कुठे बसतील, याचा विचार त्यांनी मांडला. मालकांच्या डोक्यात मात्र प्रत्येकाचा आपापला प्लॉट होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची करायची ठरली. शेड पाडून जी मोकळी होईल ती धरायची नाही. वाटे तेच राहिले, वाटायची भाकरी आक्रसली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही मांडणी नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती मान्य केली. 'एक तृतीयांश' म्हणत मोर्च्यात चाललेल्या कितीजणांना कशाचा तृतीयांश ते माहीत होतं? एकाच आकड्याभोवती सगळे जमले होते, आणि आकड्याखालचं चित्र एकाने बदलून टाकलं.

नकाशाचं कौतुक करतानाच त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भिंतीवर बाण काढल्याने ताकद समान होत नाही. बिल्डरकडे वकील असतो, वास्तुविशारद असतो, थांबायला वेळ असतो. चाळीकडे रविवारची संध्याकाळ. शिवाय सभेला जो येत नाही त्याची चिठ्ठी भिंतीवर लागत नाही. डोंबिवलीवाल्याला फोन करून, काकूंच्या घरी जाऊन ती लिहून घ्यावी लागते. बायका सभेत मागे बसतात आणि बोलत नाहीत, हे तर दादर-परळमध्येही अजून चालतं. पाण्याची वेळ, मुलांची शाळा, ट्रान्झिटची जागा किती लांब, हे बाण बहुतेकदा त्यांच्याकडूनच यायचे असतात. आणि नकाशा एकमताची हमी देत नाही. कधी तो काढल्यावर कळतं की मतभेद खरोखरच मूल्यांचा आहे. एकाला गिरगावात राहायचंय, दुसऱ्याला विकून निघायचंय. अशा वेळी मतदानच करावं, त्यात कमीपणा नाही. निदान मत कशावर द्यायचं ते तरी ठरलेलं असतं.

एकदा काढून गुंडाळून ठेवण्याचा हा कागद नव्हे. करारानंतर दोन वर्षांनी बिल्डरचं पत्र येतं: शेजारच्या तीन चाळी जोडून घेतो, ३३(९) खाली समूह पुनर्विकास करू, सगळ्यांचाच फायदा. शहर भागात त्यासाठी किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एकट्या चाळीचं काम नाही. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर असा प्रकल्प उभा राहतोय. पण तिथे एक ट्रस्ट आहे आणि बहुसंख्य रहिवासी एका समाजाचे, त्यामुळे बरंचसं चित्र आधीपासूनच सामाईक होतं. गिरगावात शेजारची चाळ म्हणजे वेगळा मालक, वेगळा कोर्टकज्जा, कधीकधी चाळीस वर्षांची गणपतीवरून चाललेली अढी. तिथल्या लोकांना त्यांच्या चिठ्ठ्या लिहायला लावून दोन्ही कागद शेजारी लावावे लागतील. मंजुरीला लागणारा जास्तीचा काळ, एका चाळीतल्या दाव्यामुळे चौघींचं थांबणारं काम, मोठ्या इमारतीचा मेंटेनन्स आणि मिळणारं जादा क्षेत्र, यांचे बाण कुठून कुठे जातात ते पाहावं लागेल. पत्राला उत्तर देण्याची मुदत बहुतेकदा पंधरा दिवसांची असते. ती वाढवून मागण्यासाठी पहिली सही करायला अण्णांना सांगावं.